गोठ्यातल्या हवेचा गुण

माझ्या बहिणीच्या सासरच्या लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. अडाणी माणसाला आपल्याला कळत नाही, निदान एवढं तरी कळतं. हे लोक वाचणारे होते. सासरेबुवांच्या बैठकीत देवाच्या कोनाड्याखालीच दुसरा कोनाडा होता आणि त्यात पुस्तिकांची चळत असायची. आरोग्य, ब्रह्मचर्य, गोसेवा, स्वदेशी साबण असे सगळे विषय त्यात होते आणि प्रत्येक पुस्तिकेच्या पाठीवर कुठल्या तरी चूर्णाची जाहिरात होती. गावातला कोणी आजारी पडला की सासरेबुवा चष्मा लावून चळतीतलं एखादं पान काढत आणि वाचून दाखवत. ते वाचणं इतकं गंभीर असे की ऐकणाऱ्याला अर्धं बरं वाटावं आणि उरलेल्या अर्ध्याची लाज वाटावी.

मीही पुस्तिकांवरच वाढलो. माझे वडील गोंदियात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. न खपलेले गठ्ठे ते घरी आणत आणि आमच्या घरात चूल पेटवण्याआधी प्रत्येक कागद वाचला जाई. त्यामुळे छापील अक्षराचा मला लोभ आहे, पण धाक नाही. उद्या देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारं वाक्य आणि खरजेचं मलम विकणारं वाक्य एकाच खणातल्या खिळ्यांनी जुळतं, हे मी लहानपणीच पाहिलं होतं. सासरेबुवांनी पाहिलं नव्हतं. छापलं म्हणजे सिद्ध झालं, असा त्यांचा समज होता, आणि त्या समजापायी माझी बहीण मरायला टेकली होती.

तिचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या एका गावात. घर खाऊनपिऊन सुखी. दुसरी मोठी लढाई चालू होती त्यातल्या एका वर्षी धान कापून पडलं असताना अवकाळी पाऊस झाला. धान कसंबसं वाचलं, तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, मात्र भिजली. भिजलेली तणीस उन्हात नीट वाळवायला वेळ आणि माणसं कोणाकडे होती? तशीच गोठ्याच्या माळ्यावर भरली. आत ती गरम झाली, काळी पडली, आणि काढताना तिच्यातून पांढुरका धुरळा उडू लागला. रोज संध्याकाळी ती काढून गुरांपुढे टाकायचं काम सुनेचं.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा बाईला खोकला लागला. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, सकाळी उठावं तर धाप. अंगावरचं मांस उतरलं. गावाने निकाल द्यायला वेळ लावला नाही. क्षय. हा शब्द कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं, पण विहिरीवर तिची घागर इतरांच्या घागरींपासून लांब ठेवली जाऊ लागली.

मग चळतीतलं पान निघालं. कोण्या निसर्गोपचारी गृहस्थाने लिहिलं होतं की क्षयाच्या रोग्याला गोठ्यात ठेवावं, गाईच्या श्वासाने आणि शेणाच्या वासाने छाती शुद्ध होते. सासूबाईंना घरात रोगी नको होता, सासरेबुवांना पुस्तक खरं ठरवायचं होतं, आणि दोघांचं एकाच जागी भागलं. बाईची गोधडी गोठ्यात गेली. खाली ऊब हवी म्हणून अंथरूण घातलं ते त्याच तणसीचं. तिची लहानगी मुलगी आजीजवळ राहिली. तिला आईचं तोंड अंगणाच्या पलीकडून दाखवत.

मी भेटायला गेलो तेव्हा सासरेबुवांनी आधी मला बसवून ते पान वाचून दाखवलं.

"गोठ्यातली हवा क्षयाले औषध आहे, बाबू. पुस्तकात लिहून आहे."

"लिवणाऱ्याले एकदा आणा ना हिकडे," मी म्हणालो. "झोपू द्या म्हशीपाशी."

"तुमी गोंदियाचे पोट्टे लय बोलता."

माझे भाऊजी शेजारी बसले होते. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग सुपारी कातरू लागले. त्या माणसाने आयुष्यात स्वतःचं असं एकच मत बनवलं होतं, ते सुपारी किती बारीक असावी याबद्दल.

गोठ्याच्या दाराशी गेलो तर आतून बाईच म्हणाली, "दूरच राह्य गा. जवळ आला तर तुलेबी दावं बांधतीन."

"झोप लागते काय वो?"

"लागते ना. म्हशी घालूनपाडून बोलत नाईत." एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "पोरगी काय करून राहिली? जेवली काय?"

मी आत गेलो. वरून तणसीचा धुरळा दाराच्या कवडशात तरंगत होता. मला स्वतःला शिंका आल्या. मी म्हणालो, तुला गोंदियाला नेतो. सासरच्यांनी अडवलं नाही. घरातून रोग जात असेल तर तो कुठल्या दिशेने जातो याची त्यांना फिकीर नव्हती. "बरी झाली तर आणून सोडा," सासूबाई म्हणाल्या. बरी झाली नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मात्र शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेताने, त्या म्हणाल्या, "आमच्या पोरानं जन्मभर असंच राह्यावं काय? त्याचंबी पाहा लागंन."

छकड्यातून तिरोड्याला आणि तिथून गाडीने गोंदियाला आलो. आमच्या घरात बाईला पुढच्या खोलीत खिडकीशी खाट दिली. खरं सांगायचं तर आईही घाबरली होती, पण तिने भांडी वेगळी केली आणि माया वेगळी केली नाही. आणि मग एक गोष्ट अशी घडली की जी पाहायला पुस्तिका लागत नव्हती. डोळे पुरे होते. औषधाचा थेंब पोटात जाण्याआधीच बाईचा ताप उतरू लागला. आठवडा होतो न होतो तोच ती अंगणात बसून आईशी भांडायला लागली.

स्टेशनजवळच्या गल्लीत एक बंगाली डॉक्टर बसत. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि जिभेला हाड नव्हतं. त्यांनी बाईची थुंकी पुन्हा पुन्हा मागवून तपासली. शेवटी मला आत बोलावलं.

"टीबी का कीड़ा नहीं मिला. एक बार नहीं, बार बार देखा," ते म्हणाले. "घर में चोर नहीं है. मगर पुलिस पूरी घुसी हुई है. देखो."

मी भिंगाला डोळा लावला. निळ्या रंगात बुडवलेल्या काचेवर फिकट ठिपके दाटीवाटीने पडले होते. प्रत्येकाच्या पोटात गडद निळा डाग, काहींचा अखंड, काहींचा तुकड्यातुकड्यांचा. बरेच फुटलेले होते आणि त्यांचा चिखल झाला होता.

या माझ्या ओळखीच्या पांढऱ्या पेशी. आमच्या घरच्या गठ्ठ्यांत त्यांच्यावर पुस्तिका होत्या. त्या पुस्तिकांत त्या नेहमी सैनिक असत. शूर आणि शिस्तीचे, मातृभूमीसाठी प्राण देणारे, आणि पान संपायच्या आत हमखास जिंकणारे. लिहिणाऱ्याला रक्ताबद्दल काहीच सांगायचं नसे. त्याला भाषण करायचं असे आणि रक्त फुकट मिळालेलं असे. हे सैनिक ज्या मुलखात लढतात त्या मुलखाचं काय होतं, हे त्या पुस्तिकांत मी कधी वाचलं नाही. लढाईच्या बातम्यांतही ते वाचायला मिळत नव्हतं.

डॉक्टरांनी मला ते भाषणाशिवाय सांगितलं. फुप्फुस म्हणजे बारीक बारीक फुग्यांचा घोस. फुग्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्ताला हवा मिळावी. त्या फुग्यांत काही मोठ्या पेशी कायमच्या राहतात. श्वासातून धूळ आली की ती गिळायची, हे त्यांचं काम. एरवी त्या मुकाट्याने झाडलोट करतात. पण एखाद्याच्या शरीराला एखादी धूळ शत्रू वाटू लागली की या पेशी हाकाटी करतात. मग रक्तातल्या पेशी नळ्यांच्या भिंतीतून वाट काढत तिकडे धावतात. त्यांच्या मागोमाग पाणी झिरपतं. फुगे भरतात, भिंती सुजतात, हवेला जागा उरत नाही. ताप येतो तो त्यांच्या धावपळीचा, आणि धाप लागते ती त्यांच्या गर्दीची. धूळ बंद झाली तर त्या आवरतं घेतात, पडलेलं खाऊन टाकतात आणि निघून जातात. पण रोज नवी धूळ आली तर त्या जातच नाहीत. आणि जिथे त्यांनी मुक्काम ठोकला तिथे मऊ जागा हळूहळू दोऱ्यादोऱ्यांनी कडक होते. कडक झालेल्या जागेत पुन्हा हवा शिरत नाही.

"म्हणजे धूळ नाही मारत?" मी विचारलं.

"धूल क्या मारेगी? मारते ये लोग हैं. बचाने आए थे." मग त्यांनी विचारलं, "वो सोती कहाँ है?"

"गोठ्यात."

"काहे पर?"

"तणसीवर. भिजून काळी पडली होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. काही वेळ ते मला शिव्या द्याव्यात की नाही याचा विचार करत असावेत. "राइस मिल में दो-चार आदमी देखे हैं मैंने," शेवटी ते म्हणाले. "धान की धूल से ऐसी ही छाती. घर बैठाओ तो ठीक, मिल भेजो तो बुखार. पक्का नहीं बोलूँगा, किताबों में इस पर कुछ खास मिलता नहीं. पर उसको भूसे से दूर रखो. दवा यही है."

मला ते आवडले ते याच वाक्यामुळे. पक्कं नाही, असं म्हणणारी एकही पुस्तिका माझ्या वाचनात आली नव्हती.

बाईला मुलीची ओढ लागली होती. ताप गेला, खोकला कमी झाला, तसा तिने घोशा लावला. मी तिला घेऊन गेलो. मला वाटलं, बरी होऊन चालत आलेली सून दिसली की पुस्तक मिटेल. पुस्तकं अशी मिटत नसतात. सासरेबुवा म्हणाले, क्षय दबला असेल, गेला नसेल, म्हणून काही दिवस गोठाच बरा. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. बैठकीत चारपाच माणसं जमली होती, सगळ्यांनी ऐकून घेतलं.

"मग रोगाचं नाव काय सांगतलं?" सासरेबुवांनी विचारलं.

"नाव नाही सांगितलं."

"फी घेतली अन् नावबी नाई देल्लं?" बैठक हसली. "क्षयाले नाव आहे, बाबू. तुमच्या डॉक्टराच्या रोगाले नावच नाई. अन् मले सांग, तणसीनं रोग होते त मी काऊन जिता आहो? माझा बाप, माझा आजा, सारे तणसीतच लोळले."

"तुमच्या रक्ताले ते चालते, मामाजी. तिच्या रक्ताले नाही चालत."

"हां!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तुमच्या घरचं रक्तच खराब आहे. हे लगनाच्या आधी सांगा लागत होतं."

शास्त्रातली कोणतीही गोष्ट या बैठकीत नेऊन ठेवा, तिची काठी करून ती सुनेच्याच पाठीत बसणार. सूक्ष्मदर्शक आणला असता तर त्यातही त्यांना माहेरचा दोषच दिसला असता.

बाईने मला खूण केली, राहू दे. मुलीला रोज अंगणापलीकडून पाहायला मिळेल या एका आशेवर ती पुन्हा गोठ्यात गेली. तिन्हीसांजेला गड्याने माळ्यावरची तणीस खाली ओढली. जेवणं होईपर्यंत तिला हुडहुडी भरली. मी सासरेबुवांना हाताला धरून दाराशी नेलं आणि म्हणालो, पाहा. गोंदियात एवढे दिवस ताप नव्हता. तुमच्या हवेत पहिल्याच संध्याकाळी आला.

त्यांनी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "रोग बाहेर निघून राहिला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईच्या ओठांवर निळसर छटा होती. श्वास घेताना मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. मी छकडा मागितला. भाऊजी म्हणाले, बैल नांगराले गेले. त्या दिवसांत नांगर कोणाच्या शेतात चालतो हे मला अजून कळलेलं नाही. मी शेजारच्या घरी छकडा विचारायला निघालो होतो तेवढ्यात अंगणात गलका झाला.

बाई गोठ्यातून बाहेर आली होती. गोधडी तिने तिथेच टाकली होती. पदर घट्ट गुंडाळून, दर चार पावलांवर थांबत तिने अंगण ओलांडलं, ओसरीच्या पायऱ्या चढल्या आणि मधल्या खांबाला पाठ टेकून ती बसली. आतून मुलगी "माय" म्हणून धावली, तिला सासूबाईंनी झगा धरून मागे ओढलं.

"परत जाय," सासरेबुवा म्हणाले.

"नाई जात."

"सूनबाई, समजावून सांगून राहिलो."

"मीबी सांगून राहिली. मराचं असंन त हिथं मरीन. म्हशीच्या पायाशी नाई."

"धर तिले," ते मुलाला म्हणाले. भाऊजींनी आईकडे पाहिलं. आईने गड्याकडे पाहिलं. गडी वयस्क आणि व्यवहारी होता. तो टोपी काढून नम्रपणे म्हणाला, "मालक, तुमी हात धरा, मी पाय धरतो."

सासरेबुवांचे हात पाठीमागे गेले.

"या ना," बाई म्हणाली. "कोनाले धराचं आहे? या." आणि तिला खोकला आला. खरा, आतून उपटून येणारा. तो सरेपर्यंत सबंध ओसरी रिकामी झाली होती. सासूबाई नातीला घेऊन माजघरात, भाऊजी अंगणात, सासरेबुवा बैठकीच्या उंबऱ्याच्या आत. ज्या भीतीने तिला गोठ्यात घातलं होतं त्याच भीतीने आता तिला कोणी हात लावत नव्हतं. घराचा सगळ्यांत हवेशीर भाग तिने बसल्या जागी जिंकला होता आणि माझ्या सगळ्या युक्तिवादांचा त्यात काडीचा वाटा नव्हता. मी एक खाट आणली, धुतलेली चादर आणली, आणि तिच्याजवळ बसलो. तिचा हात हातात घेतला तेव्हा सासूबाईंनी दाराच्या फटीतून अशा नजरेने पाहिलं की जणू मी विस्तव उचलला.

त्या ओसरीला साडीचा पडदा लागला. जेवण पडद्याखालून सरकवत. कुत्र्याला यापेक्षा प्रेमाने वाढतात, पण हवा मोकळी होती आणि तणीस अंगणाच्या पार पलीकडे. पहिल्या दिवसांत ताप रेंगाळला, मग सुटला. ओठांचा रंग परतला. मुलगी आधी पडद्याच्या अलीकडून बोलायची, मग तिने पडद्याखालून हात घातला, मग एका दुपारी सासूबाई उठल्या तर ती आईच्या कुशीत झोपलेली. आरडाओरडा झाला, पण पडद्याच्या आत शिरून पोरीला उचलायची कोणाची छाती झाली नाही.

बाई वाचली. पूर्ण बरी झाली असं मात्र मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी पुढे तिची छाती ऐकली आणि म्हणाले, "जो सख्त हो गया, वो हो गया." त्या पेशींनी जिथे मुक्काम केला होता ती जागा गेली ती गेलीच. तलावाची पाळ ती एका दमात चढू शकत नाही. तिच्या वयाच्या बायका डोक्यावर भारे घेऊन पुढे जातात आणि ती मध्येच थांबून पाणी पाहत असल्याचं नाटक करते. तिच्या छातीत दडलेला तो कडकपणा क्षयाचा नाही आणि तणसीचाही नाही. तो हट्टाचा आहे. एका माणसाला छापलेलं पान खोटं ठरू द्यायचं नव्हतं, त्याचा.

आणि ते ठरलंही नाही. पडदा निघाला, बाई चुलीपाशी गेली, आणि सासरेबुवा पंचक्रोशीत सांगू लागले की आमच्या सुनेचा क्षय गोठ्यातल्या हवेने गेला. पहिल्यांदा ठेवली तेव्हा थोडा गेला, दुसऱ्यांदा ठेवली तेव्हा उरलेला बाहेर पडला, असा हिशेबही त्यांनी बसवला. लोक पान ऐकायला येऊ लागले. भाऊजींचं दुसरं लग्न कोणी काढलं होतं हे आता कोणालाच आठवत नव्हतं.

पुढच्या खेपेस मी तिथे होतो तेव्हा पलीकडच्या गावाहून एक गृहस्थ आले. मुलगा खोकत होता, खंगत चालला होता. सासरेबुवांनी चष्मा लावला, पान काढलं. गोठा कोणत्या तोंडाचा असावा, गाय चांगली की म्हैस, सगळं सांगून झालं. ऐकणारा मान हलवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तो सुटकेचा भाव उमटत होता, जो मी सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिला होता. रोग्याला घराबाहेर काढायला पवित्र कारण मिळालं होतं.

बाई पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"काका, पोराले गोठ्यात नका टाकू," ती म्हणाली.

"सूनबाई, आत जाय."

"मी गोठ्यानं बरी नाई झाली. गोठ्यातून पळाली म्हून बरी झाली. तुमच्या पोराचा क्षय असंन, नसंन, मले का मालूम? आधी त्याची थुंकी दाखवा गोंदियाच्या डॉक्टराले. क्षय निघाला तरी त्याले ओसरीतच ठेवा, उघड्यावर. ताटवाटी उकळून घ्या. पन त्याच्याशी बोलत जा. गोठ्यात कोनी बोलत नाई माणसाशी."

सासरेबुवांनी पान पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं, या वेळी अधिक मोठ्याने. त्या गृहस्थाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बाई बोलून थकली होती, खांबाला हात लावून दम घेत होती. तो काही क्षण तो दम ऐकत राहिला. मग तो उठला, सासरेबुवांना वाकून नमस्कार केला, आणि ओसरीच्या पायरीशी येऊन हळूच विचारलं,

"तो डॉक्टर कोन्या गल्लीत बसते, बाई?"

बाईने त्याला स्टेशनपासूनची वाट सांगितली.